उताराच्या रानात माती धरायला गवत लावलंय का कुणी? (भूम, बालाघाट)

बालाघाट_उतरण
नमस्कार मंडळी. भूम तालुक्यात बालाघाटाच्या उतरणीला आमचं ५ एकर रान आहे. वरचा भाग मुरमाड, खाली येईल तसं काळं होत जातं. उतार शंभर फुटाला तीन-साडेतीन फूट असेल. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसात वरून खालपर्यंत मोठा ओघळ पडला, मातीचे दोन बांध फुटले. सोयाबीन गेलं ते गेलंच, पण वरच्या पट्ट्यात आता वखराची फास मुरमाला घासायला लागलीय, त्याचा घोर जास्त आहे. पीक पुढच्या वर्षी येतं, माती कुठून आणायची?

आता पावसाळ्याआधी ठरवायचंय. जेसीबी लावून बांध पुन्हा उंच भरून घ्यायचे, की गवताच्या ओळी लावायच्या? चुलते म्हणतात, बांधावर गवत म्हणजे रानात तण. घरी म्हशी आहेत, दूध खव्याच्या भट्टीला जातं, त्यामुळं वैरण झाली तर हवीच आहे. कोणतं गवत, किती अंतरावर, पिकाला मार बसतो का? ज्यांच्या रानात प्रत्यक्ष आहे त्यांनी जरूर लिहा.

मांजराकाठ
जेसीबीवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. आधी इथले प्रतिसाद येऊ द्या.

निवृत्त_कृषीसहाय्यक
बालाघाट_उतरण, तुमचे बांध का फुटले ते आधी बघू, मग गवताचं.

काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तशा मातीच्या बांधालाही पडतात. जूनचं पाणी पहिल्यांदा भेगांतून खाली जातं, तोवर सगळं ठीक. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी आत जायचा वेग एकदम कमी होतो आणि पुढचा प्रत्येक मोठा पाऊस वरून पळतो. सप्टेंबरात रान तुडुंब भिजलेलं असतं, तेव्हा ढगफुटीसारखा पाऊस आला तर बांधामागं तळं साचतं. बांधात कुठंतरी उंदराचं बीळ असतं, कुठं न मिटलेली भेग असते, तिथून पाणी वाट काढतं. एक बांध फुटला की साचलेलं सगळं पाणी एकदम खालच्या बांधावर. ओघळ असाच पडतो. नुसता बांध उंच केला की मागं पाणी जास्त साचेल आणि फुटला तर जास्त जोरानं फुटेल.

गवताच्या ओळीचं काम वेगळं आहे. ती पाणी अडवून धरत नाही. दाट ओळीतून पाणी पाझरत, पसरत पुढं जातं, वेग मोडतो आणि गाळ ओळीच्या वरच्या अंगाला बसतो. चाळणीसारखं. दरवर्षी गाळ बसत गेला की ओळीमागं रान आपोआप सपाट होत येतं.

या कामाला सगळ्यात नावाजलेलं गवत म्हणजे वाळा. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत ३ मीटर आणि त्याहूनही खोल, आणि आडवी फारशी पसरत नाहीत, म्हणून शेजारच्या पिकाशी झगडा कमी. कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला गुंडलुपेट भागात शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीला वाळा लावत आलेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाणलोटाच्या तज्ज्ञांनी ते बघितलं आणि जगभर नेलं. त्याआधी १९५० च्या दशकात फिजीत उसाच्या उताराच्या रानात हेच केलं होतं. आपल्याकडंही पाणलोटाच्या कामांत वनस्पतिजन्य बांध म्हणून वाळ्याची शिफारस होती. गावोगाव रुजलं मात्र नाही.

बालाघाट_उतरण
साहेब, हे पहिल्यांदा असं समजलं. आमचा वरचा बांध अगदी मधोमध फुटला आणि खालचा बरोबर त्याच्या रेषेत फुटला.

धुऱ्याचा_वारस
मी हिंगोलीकडचा. आमच्याकडं बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्याचं हाल काय झालंय ते कुणीच लिहीना म्हणून मी लिहितो.

धुऱ्यावर गवत होतंच की! आमच्या आजोबांच्या काळात धुरा इतका रुंद होता की त्यावरून बैलगाडी जायची. त्यावर मारवेल, पवना, कुसळी, मधी बोरी-बाभळी. श्रावणात तिथलंच गवत कापून बैलाला. मग ट्रॅक्टर आला, दरसाली नांगराचं एकेक तास धुऱ्यात घालायची सवय लागली. दोन्ही बाजूंनी कोरून कोरून धुरा हातभर राहिला. त्यावर आता तणनाशक मारायलेत, का तर तण रानात येऊ नये. मे महिन्यात काडी लावून पेटवायलेत. उघडा, जळका, हातभर रुंदीचा धुरा पहिल्या पावसातच विरघळतो. गवत नवीन लावायचं आहेच, पण आधी जे आपोआप येतंय त्याला मारायचं थांबवा. त्याला एक रुपया लागत नाही.

मांजराकाठ
धुऱ्याचा_वारस, +१००. तणनाशकाचा पंप बांधावर फिरवणं हा आमच्या केज भागातही आता रिवाज झालाय. पिवळे पडलेले बांध बघितले की जीव तुटतो.

सोयाबीन_औसा
थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका.

२०२२ साली आमच्या लातूर जिल्ह्यात, बीड आणि धाराशिवकडंही, शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब रातोरात खाल्ले. लोकांनी दोनदोनदा पेरलं. तेव्हा सांगायला आलेल्या प्रत्येकानं हेच सांगितलं की बांध स्वच्छ ठेवा, गवत-काडीकचरा ठेवू नका, गोगलगायी दिवसा तिथं लपतात आणि संध्याकाळी रानात उतरतात. ते खोटं नव्हतं, मी हातानं पोती भरून गोळा केल्यात. आता तुम्ही म्हणता रानात गवताची दाट ओळ लावा. मग गोगलगायीला मी घर बांधून देऊ का? आणि साप? आमच्या बायका खुरपायला गवताजवळ जायला तयार होत नाहीत.

निवृत्त_कृषीसहाय्यक
सोयाबीन_औसा, मुद्दा खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. गोगलगायीला ओलावा, सावली आणि आडोसा लागतो. जमिनीलगत आडवं पसरलेलं तण, कुजणारा कचरा, दगडाचे ढीग, इथं ती जास्त. वाळा उभा वाढतो. मृगाच्या आधी एक-दीड फुटावर कापून घेतला आणि बुडाचं वाळलेलं पान उचललं, तर आडोसा बराच कमी होतो. कापल्यानं फुटवेही जास्त येतात, म्हणजे ओळ दाट होते, ते काम तसंही करायचंच असतं. ज्या शिवारात गोगलगाय आहे तिथं पहिल्या पावसापासून संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली गोळा करणं आणि पिकाच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढणं हे गवत असो-नसो करावंच लागतं. ओळ असली तर ती शोधायची जागा तरी ठरलेली असते.

सोयाबीन_औसा
कापणीची अट पाळली तर ठीक. पण ती कोण पाळणार, प्रश्न तो आहे. लावताना सगळे असतात.

वैरणवाली_अंबड
कोण कापणार म्हणता? बाया कापतात. आजवर गवत दुसऱ्या कुणी कापलंय?

म्हणूनच मला वाळ्याबद्दल बोलायचंय. वाळा माती धरतो, मान्य. पण त्याचं कोवळं पानच जनावर खातं, जून झालं की तोंड लावत नाही. मग कापलेला वाळा नुसता टाकायचा? छपराला आणि आच्छादनाला जातो, ठीक आहे. पण ज्या बाईच्या डोक्यावर रोजचा भारा आहे ती न खाल्ल्या जाणाऱ्या गवताला विळा कशाला लावेल? आमच्याकडं बांधाच्या दोन्ही अंगाला मारवेल आहे. काळ्या मातीच्या बांधावर ते मूळचंच. ठोंब, म्हणजे मुळासकट काढलेले फुटवे, लावले तरी येतं, कांडी लावली तरी फुटतं. पावसाळ्यात दोन-तीन कापण्या देतं, जनावर आवडीनं खातं, दुधाला चांगलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं सुधारित वाणही काढलेत, फुले मारवेल, फुले गोवर्धन अशी नावं आहेत. दादा, तुमच्या म्हशी आहेत म्हणता, तर मारवेलच लावा. ज्या गवताचा रोज उपयोग आहे ते टिकतं, कारण त्यावर कुणी तणनाशक मारू देत नाही.

जुनी_तिफण
ताईंशी सहमत. मुरमाड चढावर मात्र मारवेल तेवढं साधत नाही. तिथं पवना, डोंगरी गवत, अगदी कमी पावसाच्या हलक्या रानाला अंजन. बी झोडून मातीत मिसळून गोळ्या करून टाकलं तरी उगवतं. रान बघून गवत निवडायचं.

निवृत्त_कृषीसहाय्यक
वैरणवाली_अंबड, तुमचं शेवटचं वाक्य मी नोकरीत असताना ऐकायला हवं होतं असं वाटतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. पण एक फरक सांगतो. मारवेल बांधाच्या अंगावर माती धरतं, वरचा थर विणून टाकतं. पण उतारावरून जोरात येणाऱ्या पाण्यासमोर ते आडवं होतं. वाळ्याची काडी ताठ, ओळ जुळली की पाण्याच्या लोंढ्यातही उभी राहते. त्यामुळं हे किंवा ते असं नाही. पाणी जिथं जोरात येतं त्या ओळीला वाळा, त्याच्या वरच्या अंगाला गाळ बसेल त्या पट्ट्यात मारवेल. गाळाच्या ओलीवर मारवेल जोरात येतं.

वैरणवाली_अंबड
हे पटलं. दोन्ही एकमेकांच्या आधारानं.

पाचवा_हिस्सा
मंडळी, तुम्ही सगळे असं बोलताय जसं प्रत्येकाचं रान चौकोनी आणि एकसंध आहे. आमच्याकडं वाटण्या झाल्या तशा पट्ट्या उताराच्या दिशेनं पडल्या. का? तर प्रत्येक भावाला वरचं हलकं आणि खालचं भारी रान सारखं मिळावं, आणि रस्त्याला तोंड यावं. न्याय म्हणून बरोबर. पण आता माझी पट्टी अशी अरुंद आणि लांब आहे की उताराला आडवी पेरणी करायची तर ट्रॅक्टर वळायला जागा नाही. पेरणी उतारानंच होते, प्रत्येक तास म्हणजे पाण्याची नाली. माझ्या मते आपल्या भागात माती जाण्याचं निम्मं कारण हे आहे. आणि गवताची ओळ लावायची ती समपातळी रेषेवर, म्हणजे उताराला आडवी, एकाच उंचीवरून; ती रेषा सात-बारा बघत नाही. ती पाचही भावांच्या पट्ट्यांतून जाणार. मी एकट्यानं माझ्या तीस-चाळीस फुटात ओळ लावली तर पाणी शेजारून वळसा घालून जाईल.

धुऱ्याचा_वारस
पाचवा_हिस्सा, लई खरं बोललात. पण गवताची ओळ इथंच मातीच्या बांधापेक्षा बरी. आडवा मातीचा बांध घातला तर भाऊ म्हणतो, माझ्या रानात पाणी तुंबवलं. गवताच्या ओळीतून पाणी जातं, ट्रॅक्टरला वाट ठेवता येते, तुंबल्याची तक्रार नाही. एका भावानं सुरुवात केली आणि त्याच्या ओळीमागं माती बसलेली डोळ्यांनी दिसली, की दुसरा विचारायला येतो.

आणि हद्दीच्या धुऱ्याला वाळा लावला तर धुरा सरकत नाही. मातीचा धुरा कोरता येतो, दगड हलवता येतो. वाळ्याचं जुनं जुडगं उपटायला कुदळ-टिकाव घेऊन दोन गडी लागतात, रातोरात हद्द हलत नाही. धुऱ्यावरून डोकी फुटण्यापेक्षा हे बरं.

मांजराकाठ
मोजणीच्या फीपेक्षा ठोंब स्वस्त पडतील. 😀

कोयत्यावरून
मी धारूर तालुक्यातून. दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. मधल्या काळात रान मोकळं. ज्वारी-तूर निघाली की शेळ्या, मेंढ्या, मोकाट जनावरं. पावसाळ्यात लावलेलं गवत तेव्हा एक वर्षाचंही नसतं. आमच्या गावात एका योजनेत सगळ्या बांधांवर चाऱ्याचं गवत लावलं होतं, चांगलं आलं होतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात शेळ्यांनी बुडापासून खाल्लं आणि जे उरलं ते उन्हानं गेलं. बाहेर जाणाऱ्या माणसानं काय लावायचं, तेही सांगा.

जुनी_तिफण
तुमच्यासाठी वाळाच. पहिल्या उन्हाळ्यात कोवळं पान जनावरं खातील, पण फुटवा जमिनीच्या आत असतो, तिथून परत येतो. मुळं खोल गेली की उन्हाळा आणि आगही सोसतो. अट एवढीच की लावणी उशिरा नको. जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला चांगली ओल झाली की लगेच. सप्टेंबरपर्यंत त्याला अडीच-तीन महिने मिळाले की मुळं उन्हाळ्याला तोंड देण्याइतकी खाली गेलेली असतात. ऑगस्टच्या शेवटी लावलेल्याचा भरवसा नाही.

मोकळ्या रानाबद्दल: मेंढपाळ खतासाठी रानात मेंढ्या बसवतात, ते बंद करा असं कुणी सांगू नये, ते खत मोलाचं आहे. पहिलं वर्ष ओळीवर बोरीच्या काट्या टाकाव्यात.

कोयत्यावरून
जूनला आम्ही गावातच असतो. लावता येईल.

शहागंजची_मी
अवांतर विचारते. माठात टाकतो, कूलरच्या पडद्यात असतो, सरबत करतो, तोच ना हा वाळा? मग मुळ्या विकून पैसे नाही का होत? आमच्याकडं संभाजीनगरात उन्हाळ्यात जुडी चांगल्या भावाला जाते.

निवृत्त_कृषीसहाय्यक
तोच. मुळांचं तेलही निघतं, अत्तराला जातं. पण मूळ काढायचं म्हणजे जुडगं खणून उपटायचं, आणि बांधावरचं उपटलं की माती धरणारं काही उरलं नाही, उलट खणलेली मऊ माती पावसाच्या हवाली. मुळांसाठी लावायचा असेल तर वेगळा तुकडा ठेवा, नदीकाठच्या वाळूसर जमिनीत, तिथं मूळ सहज निघतं. काळ्या रानातून खणून काढायला मजुरीच परवडणार नाही.

अजून एक. उत्तरेकडच्या नदीकाठी जो रानटी प्रकार वाढतो त्याला बी धरतं आणि तो पसरतो. बांधाला दक्षिणेकडचा लागवडीचा प्रकार घ्यायचा, तो बियांनी पसरत नाही, आडव्या मुळ्याही सोडत नाही, जिथं लावला तिथंच राहतो. म्हणून बालाघाट_उतरण, चुलत्यांना सांगा की वाळा हरळी-कुंद्यासारखा रानात शिरत नाही. त्यांची भीती हरळी आणि कुंद्याच्या अनुभवातून आलेली आहे आणि त्या दोघांबद्दल ती अगदी बरोबर आहे.

जुनी_तिफण
कुंद्याचं नाव काढलंत! काळ्या रानात एकदा कुंदा बसला की नांगराच्या फाळाखालून परत वर. बांधाला गवत आणताना ठोंबात कुंद्याचा तुकडा नाही ना, हे प्रत्येकानं बघून घ्यावं.

हरळीला मात्र एक जागा आहे. सांडव्यात आणि पाणी बाहेर काढायच्या चरीत हरळीइतकं चांगलं काही नाही. तिथं ती जमीन शिवून टाकते.

मराठवाडा_एक्सप्रेस
मी पुण्यात नोकरीला, रान परभणीत. वाचतोय. आमच्याकडं धरणातला गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं रानात टाकायची गडबड चाललीय, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. २०१७ पासून ही योजना ऐकतोय. योजना चांगलीच. पण तो गाळ म्हणजे आपल्याच रानातून गेलेली माती ना? डिझेल जाळून परत आणायची आणि त्याच उघड्या उतारावर टाकायची, मग पुढच्या पावसात परत धरणात.

निवृत्त_कृषीसहाय्यक
हिशेब करून बघा. एका एकरावरून मातीचा फक्त १ मिलिमीटर थर गेला तर ती ४ घनमीटर माती होते, जवळपास दीड ब्रास. वाळूच्या भाषेत सांगितलं की लगेच डोळ्यांसमोर येतं. १९८३ साली शास्त्रज्ञांनी देशभराचा अंदाज काढला होता, सरासरी हेक्टरी १६ टनांहून थोडी जास्त माती दरसाल जागची हलते. १६ टन म्हणजे हेक्टरावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. वखर फिरवणाऱ्याला ते कधीच जाणवत नाही, मुरूम लागला की मगच जाणवतं. आणि जाते ती वरची, शेणखताची, कसाची माती.

गाळ टाकायला हरकत नाही. पण ज्या रानात टाकणार त्याच्या खालच्या अंगाला त्याच जूनमध्ये गवताची ओळ लावा.

कडवंची_पाहिलेला
जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं नाव कुणीच काढलं नाही. तिथं १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरची कामं. आज लोक द्राक्षं आणि शेततळी बघायला जातात. मला मात्र तिथं क्रम शिकायला मिळाला, माथ्यावर आधी, पायथ्याला नंतर. बालाघाट_उतरण, तुमच्या रानाच्या वर काय आहे? डोंगर, गायरान, का दुसऱ्याचं रान? वरून येणारं पाणी अडलं नाही तर तुमच्या रानातली पहिली ओळ एकटी सगळं सोसेल.

बालाघाट_उतरण
वर गायरान आहे, उघडं-बोडकं. त्यावरचं पाणी थेट आमच्या बांधावर येतं.

कडवंची_पाहिलेला
मग ग्रामपंचायतीत ठराव करून गायरानावर सलग समतल चर आणि चरांच्या मातीवर पवना-डोंगरीचं बी, हे रोजगार हमीतून घ्या. सप्टेंबरच्या पुरानंतर खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची मदत जाहीर झाली होती. तुमच्या नावावर ते मंजूर असेल तर नुसती माती आणून पसरण्यात घालवू नका, त्यात गवताच्या ओळीचं कामही बसतं का ते विचारा. तोवर तुमच्या हद्दीत सगळ्यात वर, गायरानाला लागून, वाळ्याची दुहेरी ओळ.

पाचवा_हिस्सा
समपातळी रेषा काढायची कशी? लेव्हलचं यंत्र कुणाकडं आहे?

जुनी_तिफण
यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी घ्या, गवंडी वापरतो ती. दोन सारख्या उंचीच्या काठ्यांवर फुटाच्या खुणा करा, नळीची टोकं बांधा, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक काठी जागेवर, दुसरी पुढं सरकवत न्यायची. दोन्हीकडं पाणी सारख्या खुणेला आलं की तिथं खुंटी. खुंट्या फार नागमोडी झाल्या तर थोड्या सरळ करून घ्या, ट्रॅक्टर चालला पाहिजे. ओळ पाच-सहा इंचांनी इकडंतिकडं झाली तरी चालतं, दाट असली पाहिजे. खाडा राहिला की सगळं पाणी त्याच खाड्याकडं धावतं आणि तिथं नवा ओघळ. पहिल्या दोन पावसाळ्यांत खाडे भरणं हेच खरं काम आहे.

बालाघाट_उतरण
आता मूळ प्रश्नावर येतो. आमच्या रानाला नेमकं किती लागेल आणि पिकाची जागा किती जाईल?

निवृत्त_कृषीसहाय्यक
दोन ओळींमध्ये उंचीचा फरक साधारण १ मीटर ठेवतात. तुमचा उतार तीन-साडेतीन टक्के धरला तर ३० मीटरवर, म्हणजे शंभर फुटावर एक ओळ. ५ एकराला साडेसहाशे-सातशे मीटर ओळ भरेल. ठोंब १० ते १५ सेंटिमीटरवर लावायचे, १०० मीटरला ७०० ते १०००. एकूण ५ ते ७ हजार ठोंब. ३० मीटरात पाऊण-एक मीटर गवताला, म्हणजे रानाचे दोन-तीन टक्के. ओळीच्या अगदी लगतचं एखादं तास थोडं बारीक राहील, मात्र ओळीमागच्या गाळावर पीक अंगावर येईल. दोन ओळींच्या मध्ये पेरणी ओळीला समांतर करा, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या, परभणीच्या विद्यापीठाची ती शिफारस आहेच. गवताची भिंत असून मधे उतारानं तास पडले तर अर्धं काम वाया.

एवढे ठोंब विकत घेऊ नका. यंदा थोडे आणा, विहिरीच्या दांडाला रोपवाटिकेसारखे लावा. पुढच्या जूनला एकेका जुडग्यातून १०-१५ ठोंब निघतील. यंदा फक्त सगळ्यात वरची ओळ आणि ओघळाची तोंडं.

बालाघाट_उतरण
ओघळाचं वेगळं काही करायचं का? आत माणूस कमरेपर्यंत बुडतो.

जुनी_तिफण
ओघळ एका दमात माती टाकून बुजवू नका. भरलेली मऊ माती पहिल्या पावसात निघून जाते. ओघळात खालून वर थोड्या थोड्या अंतरावर अनगड दगडांचे ठेंगणे आडवे बांध घाला, मधोमध खोलगट ठेवा म्हणजे पाणी मधून जाईल, कडा कोरणार नाही. प्रत्येक दगडी बांधाच्या वरच्या अंगाला वाळ्याच्या दोन ओळी. गाळ साचत जाईल तसा वाळा त्यातून वर येतो, गाडला गेला तरी पेराला नवी मुळं फोडतो. ओघळाच्या काठांवर मारवेल. पिकात परत घ्यायला काही वर्षं जातील, पण तो खोल जायचा तरी थांबेल.

सोयाबीन_औसा
मी सगळं वाचलं. बांध उघडे ठेवण्याचं मी अजूनही गोगलगायीपायी समर्थन करीन, पण फक्त जिथं रान सपाट आहे तिथं. उताराच्या रानाला ओळ हवी, हे मान्य. निदान मृगाआधीची कापणी चुकवू नका.

वैरणवाली_अंबड
आणि कापणाऱ्या बाईला आधी विचारा, ओळ कुठून न्यायची ते. वाट, विहीर, गोठा कुठं आहे ते तिला ठाऊक असतं.

बालाघाट_उतरण
विचारलं. आई म्हणाली, गोठ्याकडच्या दोन्ही ओळींत मारवेल पाहिजे, वरच्या ओळीत काय लावायचं ते तुम्ही बघा. चुलत्यांना कुंद्याचा आणि वाळ्याचा फरक सांगितला, ते म्हणाले एक ओळ लावून दाखव, मग बोलू. जेसीबी रद्द केलाय. फक्त सांडव्याचा दगड सारखा करायला थोड्या वेळापुरता बोलवीन. वाळ्याचे ठोंब जवळपास कुणाकडं मिळतील?

मांजराकाठ
आमच्या विहिरीजवळ जुनी ओळ आहे, वडिलांनी लावलेली. रोपवाटिकेपुरते देतो, पैसे नकोत. भूमहून केज लांब नाही. चांगला पाऊस झाल्यावरच या, कोरड्यात काढले तर जगत नाहीत.

कोयत्यावरून
मांजराकाठ, मलाही द्याल का थोडे? धारूर तर तुमच्या शेजारीच.

मांजराकाठ
या की. दोघं एकाच दिवशी आलात तर खणायला बरं. कुदळ आणा, ओलं गोणपाट आणा. मुळं बोटभर ठेवून छाटायची, पान वीतभर, आणि काढलेले ठोंब दुसऱ्या दिवसापर्यंत जमिनीत गेले पाहिजेत.

जुनी_तिफण
एका ठोंबात दोन-तीन फुटवे तरी ठेवा, एकेरी काडी लावू नका.

बालाघाट_उतरण
ठीक. पाऊस लागला की इथंच कळवतो. वरच्या ओळीच्या खुंट्या या आठवड्यात नळी आणून मारून ठेवतो.